‘हाय टी’ म्हणजे उंची चहा नव्हे

परवा आत्याकडे एका साठीशांतीचं आमंत्रण आलं. हल्लीच्या रीतीप्रमाणे फोनवर, सोनेरी अक्षरांत. मुहूर्त, हॉलचा पत्ता, ‘कृपया आहेर आणू नये’ हे सगळं झाल्यावर शेवटी एक ओळ होती : सायं. ५ ते ७ हाय टी. आत्यानं फोन लांब धरून ती ओळ दोनदा वाचली आणि मला विचारलं, “अगं, हा चहा उंच म्हणजे कसा गं? गच्चीवर देणारेत का?” मी हसले. तशी ती म्हणाली, “हसतेस काय, नीट सांग. रात्रीचा कुकर लावायचा की नाही?”

प्रश्न रास्त होता आणि मला उत्तर येत नव्हतं. हॉटेलांच्या जाहिराती बघून माझी समजूत झालेली की हाय टी म्हणजे उंची चहा, उंची अत्तर असतं तसा. शोधायला बसले तर प्रकरण उलटंच निघालं. ज्या देशातून हा शब्द आला, तिथे हाय टी हे कष्टकऱ्याचं संध्याकाळचं जेवण होतं. सरदारघराण्यातल्या बायका घ्यायच्या तो चहा निराळा.

आधी दोन चहा वेगळे करू

इंग्रजांचा ‘आफ्टरनून टी’ म्हणजे दुपारी चारच्या आसपास दिवाणखान्यात बसून घ्यायचा चहा. सोबत बोटभर लांबीची सँडविच, स्कोन नावाचे छोटे गोल पाव आणि केक. समोर ठेंगणी टेबलं. यापुढे मी याला ‘दुपारचा चहा’ म्हणेन. ‘हाय टी’ म्हणजे संध्याकाळी पाच-सहानंतर मांडलेलं पोटभर खाणं आणि बरोबर कडक चहा. त्यातला ‘हाय’ कुठून आला याचा एक खुलासा असा देतात, की हे खाणं उंच टेबलाशी, म्हणजे जेवायच्या टेबलाशी बसून व्हायचं. आत्याचा अंदाज अगदीच चुकला नव्हता. उंच होतं ते टेबल.

यातल्या पहिल्या प्रकाराला मराठीत नेमका शब्द आहे : मधल्या वेळचं खाणं. शाळेतून आल्याबरोबर हातावर पडणारा लाडू, चार वाजताची पोह्यांची ताटली. दुपारच्या चहाचं कोडं सोडवायचं तर कपात बघून उपयोग नाही, त्या ‘मधल्या वेळे’कडे बघायला हवं. कारण इंग्लंडातल्या मोठ्या घरांत ही मधली वेळ पूर्वी नव्हतीच. ती तयार झाली.

जेवण पुढे सरकत गेलं

अठराव्या शतकाच्या मध्यावर तिथली प्रतिष्ठित मंडळी दिवसाचं मुख्य जेवण दुपारी तीन-चारला उरकत. उजेडात शिजवायचं, उजेडात जेवायचं. पुढे ही वेळ सरकायला लागली. १८०० च्या सुमाराला पाच-सहा झाले, १८४० पर्यंत साडेसात-आठ. दिवे सुधारले, गॅसची बत्ती आली, पुरुषमाणसं कामकाज आटोपून उशिरा घरी यायला लागली. शिवाय उशिरा जेवण्यात ऐट होती. दुपारी दोनला मजूर जेवतो. रात्री आठला, मेणबत्त्या जाळत जेवतो तो साहेब. आपल्याकडे रिसेप्शनच्या पत्रिकेवर सात छापलेले असतात आणि सातला पोचणारा माणूस जरा साधाच समजला जातो, तसलाच हा हिशेब.

मग भूक लागली तर लवकर जेवायला काय हरकत होती? हरकत ही, की लवकर जेवणं म्हणजे आपण कोणत्या पायरीवरचे आहोत ते जाहीर करणं. तेव्हा जेवण हलवता येत नव्हतं. दुपारी बारा-एकला ‘लंच’ नावाचं हलकं खाणं सुरू झालं होतं, पण ते खरोखरच हलकं. तिथून रात्री आठपर्यंत पोटात काही नाही.

खाण्याची वेळ ही उजेडाची आणि घड्याळाची गोष्ट असते, याचा एक ताजा दाखला क्रिकेटमध्ये आहे. कसोटी सामन्यात आधी उपाहार आणि मग चहापान, हा क्रम आपल्याला पाठ. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुवाहाटीला भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी झाली तेव्हा चहापान आधी घेतलं आणि उपाहार नंतर. तिकडे सूर्य लवकर मावळतो म्हणून खेळ सकाळी नऊला सुरू केला आणि अकराला चहा. आसामातल्या चहामळ्यांत तर पूर्वीपासून घड्याळच एक तास पुढे ठेवतात. त्याला बागान टाइम म्हणतात. चहाच्या माहेरीच चहानं जेवणाला मागे टाकलं, हे मला फार आवडलं.

एका बाईला भूक लागली, ही गोष्ट कितपत खरी?

दुपारच्या चहाची जन्मकथा सगळीकडे एकच सांगतात. बेडफर्ड घराण्याच्या सातव्या डचेस ॲना मारिया या व्हिक्टोरिया राणीच्या खास मानकरणींपैकी एक. डचेस म्हणजे मोठ्या सरदाराची बायको. १८४० च्या सुमाराला या बाईंना दुपारनंतर गळून गेल्यासारखं व्हायला लागलं. त्यांनी आपल्या खोलीत चहा, पाव-लोणी, केक मागवायला सुरुवात केली, मग मैत्रिणींना बोलवायला लागल्या आणि प्रथा पडली.

यात तथ्य नाही असं नाही. पाहुण्यांबरोबर पाच वाजता चहा घेतल्याचा उल्लेख डचेसबाईंच्या १८४१ च्या एका पत्रात आहे. फॅनी केम्बल या नटीनं लिहून ठेवलंय की १८४२ मध्ये बीव्हरच्या गढीत पाहुणी असताना तिला डचेसच्या खोलीतून गूढ वाटावीत अशी खासगी बोलावणी यायची. जाऊन बघते तर निवडक बायका बसलेल्या आणि डचेसबाई स्वतःच्या किटलीत चहा करतायत. (त्या गढीचं नाव लिहितात बेल्व्हॉयर आणि म्हणतात बीव्हर. इंग्रजांच्या शिष्टाचारात परक्या माणसाची फजिती इथूनच सुरू होते.)

पण एका बाईला भूक लागली आणि शोध लागला, असं मला नाही वाटत. जेवण लांबलं की मधली भूक सगळ्यांनाच लागते, आणि चहा इंग्लंडात त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षांपासून होता. डचेसबाईंनी एवढंच केलं, की आधी लपूनछपून खाल्लं जाणारं दिवाणखान्यात आणलं. राणीच्या माणसानं केलं म्हणून ते चारचौघींत शोभलं.

चारचौघींत हा शब्द मुद्दाम वापरला. हा कारभार बायकांचा होता. चहा ओतायचा मान घरच्या बाईचा. १८७० नंतर तर ‘टी गाऊन’ नावाचा सैल झगा निघाला. एरवी कमरेला करकचून बांधलेल्या चोळीत दिवस काढणाऱ्या बायका त्या तासाभरात मोकळा श्वास घ्यायच्या. पुढे शहरांत चहाची दुकानं निघाली. लंडनमध्ये एरेटेड ब्रेड कंपनीनं १८६४ मध्ये, तर लायन्स या कंपनीनं १८९४ मध्ये पिकॅडिलीत पहिलं दुकान काढलं. बरोबर पुरुष नसताना भल्या घरच्या बाईनं बाहेर बसून काही खावं अशा जागा त्या काळी जवळजवळ नव्हत्या. मुंबईच्या इराण्याकडची ‘फॅमिली रूम’ आठवा, म्हणजे महत्त्व कळेल. मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांच्या कितीतरी बैठका अशाच चहाच्या टेबलांभोवती झाल्या.

मग हाय टी कुणाचा?

गिरणीतून सुटलेल्याचा. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधला कामगार संध्याकाळी सहाला घरी यायचा, तेव्हा त्याला बोटभर सँडविच नको असायचं. मांस, बटाटे, खारवलेले मासे, पाव, चीज आणि काळाकुट्ट गोड चहा, सगळं एकदम टेबलावर. लालबाग-परळच्या खानावळीत पाळी सुटल्यावर जे चित्र दिसायचं, त्याचं हे मँचेस्टरमधलं रूप. आजही उत्तर इंग्लंडात पुष्कळ घरांत रात्रीच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात. “टीला काय आहे?” याचं उत्तर तिथे “मटण” असं येऊ शकतं.

परदेशी हॉटेलांनी पुढे ‘हाय’ म्हणजे उच्च, असा सोयीचा अर्थ लावला आणि बिल वाढवलं. आपल्याकडे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातल्या सी लाउंजपासून जिल्ह्याच्या गावच्या बँक्वेट हॉलपर्यंत तेच नाव रूढ झालं. त्या सी लाउंजमध्ये स्थळं बघायच्या भेटी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. म्हणजे तिथला चहा हा समुद्राकडे तोंड केलेला कांदेपोह्यांचा कार्यक्रमच.

तीन मजली ताट कसं खायचं?

जशी आपली पंगत. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, उजवीकडे भाजी. कुणी शिकवत नाही, बघून येतं. इंग्रजांच्या दुपारच्या चहाला एकावर एक तीन ताटल्या मांडतात, तिथे खालून वर जायचं. खालच्या ताटलीत सँडविच, मध्ये स्कोन, वर केक. आधी खारं, शेवटी गोड. चमचा कपाला खणखण आपटायचा नाही, करंगळी वर करायची नाही. करंगळी ताठ ठेवणं हे खानदानीपणाचं लक्षण, ही समजूत सिनेमातली. खऱ्या खानदानी माणसाला ते हास्यास्पद वाटतं.

या ताटातली काकडीची सँडविच हा माझ्या मते सगळ्यात बोलका पदार्थ. काकडीत पोट भरण्यासारखं काय असतं? काहीच नाही. तेच तर सांगायचं होतं. थंड देशात काकडी काचेच्या छपराखाली, ऊब देऊन वाढवावी लागे. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला तोवर असं काचघर ही श्रीमंतांची चैन होती. काकडी वाढणारं घर न बोलता सांगत असे, की आमच्याकडे काचघर आहे, माळी आहे, आणि आम्हाला पोट भरण्यासाठी खायची गरज नाही. पावाच्या कडा कापून टाकणं हाही त्यातलाच प्रकार. तीच काकडी मुंबईच्या फुटपाथवर हिरवी चटणी, उकडलेला बटाटा आणि बीट यांच्या पंक्तीला बसली आणि कामाची झाली.

स्कोन म्हणजे पाव आणि बिस्किटाच्या मधलं काहीतरी, हातानं सहज दुभंगणारं. ते मऊ फुगायला बेकिंग पावडर कारणी लागली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डनं ती १८४३ मध्ये केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. स्कोनवर जॅम आणि क्लॉटेड क्रीम घालतात. हे क्रीम म्हणजे आपली साय. मंद आचेवर तापवून, निववून, वर जमलेला जाड पिवळसर थर. डेव्हन परगण्यात आधी साय लावून वर जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. पुरणपोळी दुधाशी, तुपाशी की कटाच्या आमटीशी, यावरून आपल्याकडे जेवढं तापतं त्याहून हे जास्त तापतं. २०१८ मध्ये कॉर्नवॉलच्या लॅनहायड्रॉक वाड्याच्या जाहिरातीत चुकून साय खाली आणि जॅम वर असं चित्र छापलं गेलं, तर लोक संतापून, वाडा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं सदस्यत्व सोडण्याच्या गोष्टी करायला लागले.

दूध आधी की नंतर, एवढं मनावर का घ्यायचं?

आपण दूध, पाणी, साखर, आलं एकत्र उकळतो, त्यामुळे हा वाद आपल्याला कळायचाच नाही. तिथे कपात आधी दूध ओतायचं की आधी चहा, यावरून माणसाची जात ओळखत. त्याची एक उपपत्ती अशी : स्वस्त कप कढत चहानं तडकत, म्हणून साधी माणसं आधी दूध घालत, उत्तम चिनी मातीचे कप असणाऱ्यांना ती भीती नसे. कारण गेलं, खूण राहिली.

विज्ञान मात्र साध्या माणसांच्या बाजूचं निघालं. २००३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं सांगितलं, की दूध आधी घालावं. कढत चहात थेंब थेंब दूध पडलं तर त्यातली प्रथिनं ७५ अंशांच्या वर तापून बिघडतात आणि चव बदलते. ब्रिटिश मानक संस्थेनं तर १९८० मध्ये चहा कसा करावा याचं सहा पानी मानकच काढलं होतं. १९९९ मध्ये त्याला विनोदी संशोधनासाठीचा इग नोबेल मिळाला, साहित्यासाठी.

बशीतून पिणं गावंढळ, हेही असंच मागाहून ठरलं. अठराव्या शतकात इंग्लंडातले चांगले चांगले लोक बशीत ओतून चहा पीत. आमचे आजोबा फुर्रर्र आवाज करत बशीतून प्यायचे तेव्हा आम्हाला लाज वाटायची. ते नकळत जुनी रीत पाळत होते म्हणायचं.

या थाटाचा खर्च कुणी उचलला?

हा प्रश्न विचारल्याशिवाय चांदीच्या किटल्यांचं कौतुक करवत नाही.

१६६२ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं पोर्तुगालच्या कॅथरिनशी लग्न केलं. कॅथरिनला चहाची सवय होती, तिनं ती दरबारात रुजवली. त्याच लग्नाच्या कराराने पोर्तुगीजांनी मुंबई आंदण दिली. चहाची हौस आणि मुंबई, दोन्ही एकाच वरातीतून इंग्रजांकडे गेली. राजानं १६६८ मध्ये ही बेटं ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकली.

चहा तेव्हा फक्त चीनमधून यायचा आणि महाग असायचा. १७८४ मध्ये ब्रिटननं त्यावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि मागणी उसळली. पण चीनला इंग्रजांचा माल नको होता, त्याला चांदी हवी होती. चांदी संपायला लागली तेव्हा उत्तर सापडलं अफूत. कंपनीनं बंगाल-बिहारात अफू पिकवली, खासगी व्यापाऱ्यांनी ती चीनमध्ये चोरून नेली आणि त्या पैशात चहा आला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. तिच्यावर जी घराणी उभी राहिली त्यांत जमशेटजी जीजीभाई होते. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा यांना ज्यांचं नाव आहे तेच. चीननं अफू रोखली तर १८३९ मध्ये युद्ध झालं. १८४२ मध्ये नानकिंगचा तह होऊन हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं, त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी फॅनी केम्बल बीव्हरच्या गढीत डचेसबाईंचा चहा पीत होती. त्या कपातली साखर कॅरिबियन बेटांवरची, गुलामांनी उभ्या केलेल्या मळ्यांतली. चीनवरचं अवलंबन तुटावं म्हणून आसामात मळे सुरू झाले. १० जानेवारी १८३९ ला लंडनमध्ये आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्यांचा लिलाव झाला.

एक चहा पुण्यातला

इंग्रजी रीतीचा एक चहा आपल्या इतिहासातही गाजला आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. गावातली नामांकित मंडळी आली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. व्याख्यानानंतर यजमानांनी, त्यांच्या रीतीप्रमाणे, चहा-बिस्किटं फिरवली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला.

या घडामोडीमागे होते गोपाळराव जोशी, आनंदीबाई जोशींचे यजमान. चहा झाल्यावर त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली. ख्रिस्त्यांच्या घरी, ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! ग्रामण्य उभं राहिलं. ग्रामण्य म्हणजे जातीच्या नियमांवरून चालणारा खटला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले, घरोघरी पंक्तिव्यवहार थांबले. शेवटी टिळकांनी प्रायश्चित्त घेतलं आणि रानड्यांनीही. सुधारकांनी त्यावरून रानड्यांना पुष्कळ सुनावलं.

गंमत अशी, की मिशनऱ्यांना वाटलं आपण नुसता पाहुणचार करतोय आणि पुण्याला वाटलं आपल्या धर्मावर घाला आला. दोघांपुढे तोच कप होता. कुणाबरोबर बसून प्यायचं, हा प्रश्न मात्र डचेसबाईंच्या ‘निवडक’ मैत्रिणींपासून सदाशिव पेठेपर्यंत तोच होता. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या चहापानावर विरोधकांनी बहिष्कार टाकल्याची बातमी वाचली, की मला पंचहौद आठवतं.

मग इंग्रज रोज चारला असे बसतात का?

छे. रोजचा इंग्रज मोठ्या मगात पिशवी बुडवतो, दूध ओततो आणि एखादं बिस्किट त्यात बुचकळून खातो. दुसऱ्या महायुद्धात चहावर रेशन होतं, माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे पन्नासेक ग्रॅम. ते १९५२ पर्यंत चाललं. तीन मजली ताटाचा थाट आता वाढदिवसाला, आईला घेऊन जायला किंवा प्रवाशांना दाखवायला. लंडनच्या रिट्झ हॉटेलात त्यासाठी आधी जागा राखावी लागते, पुरुषांनी कोट घालावा लागतो आणि माणशी ७० पौंडांच्या वर मोजावे लागतात. ‘दुपारचा’ चहा तिथे सकाळी साडेअकरालाच सुरू होतो, कारण पंगती उठवायच्या असतात.

राहिला आत्याचा कुकर. आपल्या हॉलमधल्या हाय टीला सामोसे असतात, ढोकळा असतो, इडली किंवा पास्ता असतो, शेवटी गुलाबजाम. नाव उचललं ते ऐटीसाठी, पण वाढणं झालं मँचेस्टरच्या कामगारासारखं. त्यामुळे जेवायची गरज पडू नये, असं मी आत्याला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, “बरं” म्हणाली आणि निघण्याआधी वाटीभर तांदूळ धुऊन ठेवले.